उजवीकडून निघालेल्या रेघा

कार्ड बुधवारी आलं. त्या दिवशी मी त्यावरचं न खोडलेलं वाक्य वाचलं, ‘मी अगदी ठीक आहे’, खाली आल्विनची सही बघितली, तारीख बघितली, दहा एप्रिल, आणि बटाट्याच्या सूपचे दोन वाडगे रिकामे केले. ज्यांच्या घरचं कुणी आघाडीवर आहे त्यांना हे कार्ड माहीत आहे. लष्कराचं, छापील. शिपायानं त्यावर स्वतःचा एक शब्द लिहायचा नाही. वाक्यं आधीच छापलेली असतात, जी लागू नसतील ती खोडायची, खाली सही आणि तारीख. जास्तीचं काही लिहिलंत तर कार्ड फाडून टाकू, ही धमकीही वरच छापलेली. म्हणजे माझ्या पोराला मला काय सांगायचंय ते सरकारनं आधीच ठरवून ठेवलेलं, त्यानं फक्त नको ते गाळायचं. आल्विन गेल्यापासून अशी अकरा कार्डं आली. हे बारावं. शुक्रवारी दुपारी कारखान्यातून आलो, मार्चमध्ये छातीत कळ येऊन पडल्यापासून मला अर्धाच दिवस काम आहे, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसून ते पुन्हा हातात घेतलं. वाचायला काहीच नव्हतं, म्हणून नुसता अंगठा फिरवला. आणि अंगठा अडला.

मी अडतीस वर्षं हातमोजे कापतोय. हरणाचं कातडं ताणायचं, पुठ्ठ्याचा नमुना वर ठेवायचा, पेन्सिलीनं रेघ मारायची, कातर चालवायची. रेघ कुठून निघाली आणि कुठे संपली हे मला डोळे मिटून सांगता येतं. जिथून निघते तिथे पेन्सिल जरा रुतते, खड्डा पडतो. जिथे संपते तिथे हात उचलला जातो आणि रेघ बारीक होते. मी डावखुरा. माझ्या रेघा उजवीकडून निघून डावीकडे जातात. आल्विनच्याही तशाच. आमच्या कारखान्यात कापायच्या टेबलावर कुणाचा तुकडा कुणी आखलाय यावरून भांडण झालं तर मला बोलावत, आणि मी एकदाही चुकलो नाही. कार्डावरच्या खोडाखोडीच्या सगळ्या जांभळ्या रेघा उजवीकडून निघालेल्या होत्या. तीन सोडून. त्या तीन डावीकडून निघाल्या होत्या, जरा जास्त दाबून, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला गळासारखा वळलेला बारीकसा आकडा होता. कार्ड माझ्या मुलाचं होतं. त्या तीन रेघा माझ्या मुलाच्या नव्हत्या.

मग मी रेघांखालची छापील अक्षरं वाचायला लागलो. एवढे दिवस खोडलेलं वाचायचं सुचलंच नव्हतं, खोडलेलं कोण वाचतं. ‘आजारी’ हा शब्द आल्विननं खोडला होता. ‘माझी रवानगी तळाकडे होत आहे’ हे त्यानंच खोडलं होतं. ‘बरेच दिवसांत तुमचं पत्र नाही’ तेही त्यानंच. परक्या रेघा होत्या त्या ‘मला इस्पितळात दाखल केलं आहे’ यावर, ‘जखमी’ यावर, आणि ‘सुधारत आहे’ यावर. मी कार्ड टेबलावर उलटं ठेवलं. उठून चुलीत दोन लाकडं घातली, गरज नसताना. मला भीती वाटली, आणि भीतीबरोबर एक जुना ओळखीचा राग आला, कुणीतरी आपल्याला बनवतंय याचा. तो राग मला या तीन वर्षांत रोजच्या पावासारखा झाला आहे.

शाळेत मास्तर माझा डावा हात चामड्याच्या पट्ट्यानं पाठीशी बांधत. उजव्यानं लिही, डावा हात सैतानाचा. पाच वर्षं मी उजव्यानं लिहिलं आणि घरी येऊन अंगणात काठीनं डाव्या हातानं सगळं परत लिहायचो. उजव्या हाताचं माझं अक्षर अजून सात वर्षांच्या पोराचं आहे. आल्विन पहिलीत गेला तेव्हा मी कामाचा खाडा करून शाळेत गेलो आणि बाईंना म्हटलं, माझ्या मुलाचा हात बांधलात तर मी तुमच्या खुर्चीत बसून राहीन, उठणार नाही. बाई हसल्या, पण हात मोकळा राहिला. तो सोळा वर्षांचा झाला तेव्हा त्याच्यासाठी लोहाराकडून डाव्या हाताची कातर घडवून घेतली. ती अजून खिळ्याला आहे. तो लष्करात गेला तेव्हा त्याला उजव्या खांद्यावर बंदूक धरायला शिकवली. आमच्या कारखान्यात लष्करासाठी मोजे करतात, एक अंगठा, एक बोट मोकळं, बाकीची बोटं एकत्र, आणि ते मोकळं बोट उजव्याच हाताला. बंदुकीचा घोडा उजव्यानं ओढायचा, हे ठरलेलं. मी असे हजारो मोजे कापले. प्रत्येक वेळी वाटायचं, माझ्या पोराचा हात शेवटी बांधलाच यांनी.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी ठरवून टाकलं की हे सरकारचं काम. ते अवघड नव्हतं. ईस्टरच्या सोमवारी आपल्या पोरांनी फ्रान्समधली ती टेकडी घेतली, म्हणून गावात झेंडे लागले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पेपरात जखमींच्या याद्या येत होत्या, बारीक टायपात, जागा पुरावी म्हणून. नवे रंगरूट मिळेनात. सक्तीची भरती येणार असं सगळे कुजबुजत होते. अशा वेळी इस्पितळातून आलेल्या कार्डांवर कुणी सेन्सॉर बसून तीन तीन रेघा मारत असेल तर त्यात नवल काय. घरोघर ‘मी अगदी ठीक आहे’ गेलं की पुढची पोरं सहीला तयार. मला सगळं लख्ख दिसलं. संशयाचं हेच वाईट आहे, एकदा दिवा लागला की प्रत्येक वस्तूला सावली पडते.

सावल्यांची आम्हाला सवय आहे. गेल्या वर्षीपर्यंत आमचं गाव बर्लिन होतं. ओन्टारिओतलं, आमच्या आज्यापणज्यांनी जंगल तोडून वसवलेलं. युद्ध सुरू झालं आणि ते नाव तोंडात धरवेना. रंगरूटांनी जर्मन गाणी गाणाऱ्या मंडळाचा हॉल फोडला, दुकानांच्या काचा फोडल्या. चर्चमध्ये जर्मन प्रार्थना हळू आवाजात व्हायला लागली, मग तीही बंद. शेवटी नाव बदलायचं की ठेवायचं यावर मतदान झालं आणि ऐंशीएक मतांनी जुनं नाव पडलं, त्या जागी बोटीसकट बुडालेल्या इंग्रज सेनापतीचं नाव आलं. ऐंशी मतं म्हणजे किती, एका रस्त्याची. तेव्हापासून प्रत्येक जण समोरच्याकडे बघून मनात हिशेब करतो, हा त्यातला की त्यातला. मी कुठे फुली मारली ते कुणाला सांगितलेलं नाही. नाव बदला, यावर मारली. आणि पडद्यामागे उभा राहिल्यावर मला वाटलं, ही चिठ्ठी उद्या कारखान्यातल्या नोआनं किंवा आणखी कुणी बघितली तर फुलीच्या रेघा कुठून निघाल्यात यावरून मला ओळखेल. म्हणून मी पेन्सिल उजव्या हातात घेतली. मास्तर गेल्यानंतर पहिल्यांदा. फुली वाकडी आली, पण ती कॉनराड झेट्टलची नव्हती.

नोआ माझ्या शेजारच्या टेबलावर कापतो, एकोणीस वर्षं. तोंडाचा फाटका माणूस. युद्ध सुरू झालं तेव्हा तोच म्हणाला होता, “इंग्लंडचा राजा आणि जर्मनीचा कैसर, सख्खे आते-मामेभाऊ. भाऊबंदकी त्यांची आणि डोकी फुटणार आपली. आणि आपल्याला कुणी विचारलं का? लंडनला घंटा वाजली की इकडे आपण पायताण घालायचं.”

“हळू बोल,” मी म्हटलं होतं.

“का, तुझा काका जाऊन कैसरला सांगेल?”

अशी त्याची चेष्टा रोज चालायची, आणि मी रोज वैतागायचो. गेले दोन आठवडे ती बंद होती. मी आलो की टेबलावरचं बोलणं थांबायचं. नोआ स्वतःच्या वाटणीचं चांगलं कातडं उचलून माझ्या टेबलावर टाकायचा आणि वर बघायचा नाही. मुकादमानं मला विचारलं, खुर्ची हवी का. अडतीस वर्षांत कापणाऱ्याला खुर्ची कुणी दिली नाही. मी ओळखलं, माझ्याविषयी काहीतरी वर गेलंय. जोवर लोक चेष्टा करतात तोवर तुम्ही त्यांच्यातले असता.

मलिंडाचंही तसंच. मलिंडा म्हणजे आल्विनची बायको, तो गेल्यापासून माझ्याकडेच राहते. कॉलर शिवण्याच्या कारखान्यात संध्याकाळच्या पाळीला जाते. ती पूर्वी भांडी घासताना गुणगुणायची. आता नाही. दोनदा मी तिला चर्चच्या पास्टरच्या दारात उभं पाहिलं, आणि मला बघून दोघं बोलायचे थांबले. एका गुरुवारी पेपर आला तर आतलं पान गायब. “फडताळात अंथरलं, पापा,” ती म्हणाली. मी नंतर फडताळ उघडून बघितलं, तिथे जुनंच पान होतं. तिचा भाऊ डेट्रॉइटला आहे. माझी खात्री झाली की ती तिकडे जायचा विचार करतेय, आणि पेपरातल्या त्या पानावर आगगाडीच्या वेळा असणार. मला तिचा राग आला नाही, फक्त ती मला सांगत नाही याचं वाईट वाटलं. तिचा बाप जर्मनीहून आला आणि इथला नागरिक व्हायचं त्याच्यानं राहून गेलं, तो अजून दर महिन्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावतो, टोपी हातात घेऊन, भांडी कल्हई करणारा म्हातारा माणूस. तिला पळावंसं का वाटू नये.

शनिवारी मी कामावरून परस्पर भरतीच्या कचेरीत गेलो. कार्ड कोटाच्या आतल्या खिशात. टेबलामागे एक लेफ्टनंट होता, हार्कनेस नावाचा, आघाडीवरून पाय गमावता गमावता परत आलेला. गुडघा वळत नव्हता, म्हणून पाय समोर लांब करून बसलेला.

“नाव?”

“कॉनराड झेट्टल.”

“कुठले?”

“इथलाच. माझा बापही इथलाच.”

“त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी इथे झाडं होती.”

तो हसला नाही. मी कार्ड समोर ठेवलं आणि समजावलं, आम्ही बापलेक डावखुरे, या रेघा माझ्या मुलाच्या, या तीन कुणा दुसऱ्याच्या, कुणीतरी माझ्या मुलाची जखम खोडली आहे, ते कोण ते मला हवंय. त्यानं कार्ड उजेडाकडे धरलं, तिरपं केलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याची नजर बदललेली मला कळली. पेन्सिल बोथट झाली की कळतं तसं.

“म्हणजे तुमचा मुलगा रेघ कुठून मारतो ते तुम्हाला वाचता येतं.”

“येतं.”

“आणि त्याला माहीत आहे की तुम्हाला येतं.”

“अर्थात.”

“मग एखादी रेघ इकडून, एखादी तिकडून, अशी मारून तो तुम्हाला काहीही कळवू शकतो. पलटण कुठे आहे. किती माणसं आहेत.”

मी म्हटलं, “साहेब, तो मोजे कापतो.”

“कार्ड इथे राहू दे,” तो म्हणाला, आणि पत्ता लिहून घेतला. पोचपावती दिली नाही, मी मागितलीही नाही. बाहेर आलो तेव्हा मला एक विचित्र समाधान वाटत होतं, आपण शहाणे ठरलो असं काहीतरी. रस्ता ओलांडताना ते गेलं. उरलं एवढंच की मी माझ्या पायानं जाऊन माझ्या मुलाला संशयात घालून आलोय.

तो लष्करात गेला तोही यामुळेच. हॉल फुटला त्या आठवड्यात जेवताना तो म्हणाला, “पापा, घरातला एक जण गेला की आपल्या काचेला कुणी हात लावणार नाही.” मलिंडानं चमचा खाली ठेवला. ती माझ्याकडे बघत होती, मी काही बोलेन म्हणून. पास्टर म्हणत होते पोरं राजासाठी जातात, पेपर म्हणत होता बेल्जियमसाठी, आणि माझं पोर एका खिडकीसाठी निघालं होतं. मी काहीच बोललो नाही. मी खरंच खिडकीकडे बघितलं, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीकडे, आणि मनात म्हटलं, ती काच बसवायला मला किती त्रास पडला होता. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. काच अजून शाबूत आहे.

रविवारी चर्चहून आल्यावर मलिंडानं विचारलं, “पापा, कार्ड कुठाय? घड्याळामागे नाही.”

“नोआला दाखवायला नेलंय.”

“परत आणा.”

“आणतो की. पळून जातंय काय?”

“उद्याच आणा,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “मला हवंय ते.”

एवढ्या साध्या गोष्टीला एवढा आवाज का, म्हणून मी तिच्याकडे नीट बघितलं. ती बटाटे सोलायला लागली होती. साल जाड निघत होती, आणि मलिंडा जाड साल काढणारी बाई नाही. सोमवारी तिनं पुन्हा विचारलं, मंगळवारी पुन्हा. मी रोज नोआच्या नावावर खपवलं. नोआला बिचाऱ्याला काही पत्ता नव्हता, तो मला चांगली कातडी देत बसला होता.

बुधवारी दुपारी मी सूपची वाट बघत बसलो होतो. टेबलावर मेणकापड आहे, निळ्या चौकड्यांचं. हात रिकामा होता म्हणून अंगठा त्यावरून फिरला, मलिंडाच्या जागेपाशी, आणि पुन्हा अडला. मेणकापडावर तीन चर होते. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. एकाखाली एक, कार्डावर होते तेवढ्याच अंतरानं. डावीकडे खड्डा, छोटासा आकडा, मग सरळ. पलीकडे भिंतीवर तिची सामानाची यादी टाचलेली होती, पीठ, यीस्ट, काळा दोरा, आणलेलं खोडलेलं. प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला आकडा होता. तो मी वर्षभर रोज बघत होतो. आणि मग मला तो मागचा बुधवार आठवला, तिनं कार्ड माझ्या हातात दिलं तेव्हाचा. तिच्या खालच्या ओठावर जांभळा ठिपका होता. ओली केली की जांभळी उमटते ती पेन्सिल जिभेला लावल्याचा. मी बघितला होता आणि मला वाटलं होतं, काळ्या द्राक्षांचा मुरंबा खाल्ला असेल.

तिनं सूप आणून ठेवलं. मी खाली बघून प्यायलो. राग आला तो आला, पण त्याच्या पाठोपाठ पुढचं दिसलं. लष्कराच्या टपालात फेरफार, हजेरी लावणाऱ्या जर्मनाच्या मुलीनं. आणि ती तक्रार मीच दिली होती, नावपत्त्यासकट. तिनं मला जपायला तीन रेघा मारल्या होत्या आणि मी त्या नेऊन लष्कराच्या हातात दिल्या होत्या. मी तिला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, कुठे लागलंय, किती लागलंय. म्हणूनच मी विचारलं नाही.

“आज तरी आणलंत?” तिनं विचारलं.

“उद्या,” मी म्हटलं.

गुरुवारी लेफ्टनंट आला. दुपारी दीडच्या सुमारास, एकटा, न वळणारा पाय पायरीवर आपटत. मलिंडानं दार उघडलं आणि गणवेश बघून मागे सरली, पण तिला आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. तो आत आला, टोपी काढली, माझ्याकडे बघून म्हणाला, “मिस्टर झेट्टल, तुमच्या मुलाच्या बाबतीत मी ऑटावाच्या लष्करी दप्तरात विचारणा केली. तुम्हाला आधी—” आणि थांबला. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. मागे मलिंडा उभी होती. मी वळून बघितलं तर ती स्थिर होती, हात ॲप्रनमध्ये. पण तिनं नुकतीच मान हलवली होती, हे तिच्या कानातल्या डुलावरून मला दिसलं. या दोघांचं आपापसात काहीतरी आहे असं मला वाटलं. एवढ्या वेळेलाही मला तेवढंच वाटलं.

लेफ्टनंट खुर्चीवर बसला, पाय लांब केला आणि कार्ड मेणकापडावर ठेवलं. “या तीन रेघा इथे आल्यावर मारल्या आहेत,” तो म्हणाला. “जांभळा रंग तोच, पण पेन्सिल वेगळी आहे. कार्ड या घरात आलं तेव्हा कोण होतं?”

मलिंडानं तोंड उघडलं. मी आधी बोललो.

“मी मारल्या.”

“तुम्ही? तुम्हीच तर तक्रार घेऊन आलात.”

“म्हणूनच. मी खोडलं आणि तुमच्यावर ढकललं.”

“कशासाठी?”

“म्हातारपणी डोकं फिरतं साहेब. लष्कर जखमा लपवतं असं गावात बोललं जावं, असं वाटलं.”

“हे कशाच्या कक्षेत येतं ते माहीत आहे तुम्हाला? तुमच्या आडनावाच्या माणसाला?”

“माहीत आहे.”

“पापा,” मलिंडा म्हणाली.

“तू गप्प बस. पुरुषमाणसं बोलताहेत.” मी तिच्याशी असं कधी बोललो नव्हतो.

लेफ्टनंटनं खिशातून कागद काढला, पेन्सिल काढली, माझ्यासमोर सरकवली. “तुम्ही डावखुरे. या रेघा डाव्या हाताच्या नाहीत. मारून दाखवा.”

मी पेन्सिल उजव्या हातात घेतली. डावीकडे टोक टेकवलं, बारीकसा आकडा काढला, आणि दाबून ओढली. सात वर्षांच्या पोराची रेघ, पण डावीकडून निघालेली. मास्तरांनी शिकवलेलं इतक्या वर्षांनी उपयोगी पडलं. लेफ्टनंट त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिला. त्याला कळलं होतं. मला दिसलं की त्याला कळलं आहे. त्यानं कागदाची घडी घातली, कार्डही उचललं आणि दोन्ही आतल्या खिशात ठेवलं.

“यापुढे याबद्दल कुठे बोलू नका,” तो म्हणाला. “मी वर लिहीन की वयस्कर माणूस आहे, समज दिली. कार्ड दप्तरी राहील.”

तो कष्टानं उठला. दारापाशी गेला, टोपी घातली, वळला, आणि मला सलाम केला. सरळ, हात कपाळाला लावून, मी कुणी मोठा अधिकारी असल्यासारखा. त्याच्या पायाचा आवाज पायऱ्यांवरून गेला. तीन वर्षांत एकाही गणवेशवाल्यानं झेट्टल आडनावाच्या माणसाकडे सरळ मान करून बघितलं नव्हतं. त्याला माझा आदर वाटावा असं मी आज काही केलं नव्हतं, मी तर खोटं बोलताना पकडला गेलो होतो. तो सलाम माझा नव्हता. आणि मग चेष्टा बंद झालेला नोआ, मुकादमाची खुर्ची, पास्टरचं दार, पेपरातलं गेलेलं पान, सगळं माझ्याभोवती येऊन उभं राहिलं आणि त्यातला एकही जण माझ्यावर संशय घेत नव्हता.

“कधी?” मी विचारलं.

“तेरा एप्रिलला गेला,” मलिंडा म्हणाली. ती अजून भिंतीपाशीच होती. “पोटात लागलं होतं. तार एकोणीसला आली. तुम्ही कामावर होता.”

“आणि कार्ड दोन मेला.”

“हो.”

“म्हणजे तू खोडलंस तेव्हा तुला माहीत होतं.”

“डॉक्टर म्हणाले, तुमची छाती एवढ्यात सोसणार नाही, मे संपू दे. मी सगळ्यांना सांगितलं होतं गप्प राहायला. मग ते आलं. त्यावर इस्पितळ होतं, जखमी होतं. ते वाचलं असतंत तर तुम्ही रोज विचारलं असतंत, आता कसा आहे, आता कसा आहे.” तिनं श्वास घेतला. “पण पहिली ओळ मी ठेवली नाही, पापा. ती त्यानंच ठेवली होती. खोडलीच नव्हती. इस्पितळात आहे, जखमी आहे, आणि मी अगदी ठीक आहे, सगळं एकाच कार्डावर.”

“गाढव,” मी म्हटलं. ती येऊन शेजारच्या खुर्चीत बसली. चुलीवर काहीतरी करपत होतं, कुणी उठलं नाही.

“कार्ड परत देतील का ते?” तिनं विचारलं. “त्याच्या हातचं शेवटचं होतं. मला रात्री बघायचं होतं फक्त, तुम्ही झोपलात की. म्हणून मागत होते.”

मी मागून बघू म्हणालो. दोघांनाही माहीत होतं की दप्तरी गेलेलं कार्ड झेट्टलला परत मिळत नाही. कुणी हिसकावून नेलं नव्हतं. मी कोट घालून, केस विंचरून, माझ्या पायानं चालत जाऊन देऊन आलो होतो. मी मेणकापडावर अंगठा टेकवला आणि हळूहळू फिरवला, तिच्या जागेपासून माझ्या जागेपर्यंत, मग उलटा. चर आता चार झाले होते. तीन तिचे, एक माझा, चारही डावीकडून निघालेले. उजवीकडून निघालेला एकही नव्हता, तरी मी अंधार पडेपर्यंत शोधत राहिलो.